कोपऱ्यातला आकडा बघून माणसाला फासावर चढवायचं का?

गेले आठ दिवस तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच क्लिप फिरतेय. फाट्यावरच्या अपघाताची. पिकअपच्या काचेवर बसवलेल्या डॅशकॅमची. खाली डाव्या कोपऱ्यात वेग, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश. दुचाकीवाला तरुण दवाखान्यात आहे, त्याला लवकर बरं वाटो. पिकअपच्या ड्रायव्हरचं काय झालं ते मात्र कुणी विचारत नाही. मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. कारण काय? "जीपीएसमध्ये सगळं आलंय."

काय आलंय सगळं? दोन गोष्टी. एक, वेग ६१, आणि फाट्यावर बोर्ड आहे ४० चा. दोन, कुणा हुशार माणसाने क्लिपवरचे अक्षांश-रेखांश मोबाईलच्या नकाशात टाकले, तर पिन पडली रस्त्याच्या उजव्या कडेला. झालं! "रॉंग साइडने येत होता." आमच्याच व्यवसायातल्या एका भाऊने त्यावर 'जीपीएसने फोडलं बिंग' अशी बातमी चालवली. पंचनामा राहिला बाजूला, निकाल ग्रुपवर लागला.

आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये वेळ जायला नको. ड्रायव्हर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चूक असेल तर कायद्याने शिक्षा होऊ द्या. माझं भांडण आहे ते त्या कोपऱ्यातल्या आकड्याला देव करून ठेवलाय त्याच्याशी. कारण आज तो पिकअपवाला आहे, उद्या तुमची गाडी असेल.

आता जरा त्या पिनकडे बघू.

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात. यंत्र काय करतं, तर किमान चार उपग्रहांकडून आलेला सिग्नल किती वेळात पोचला ते मोजतं आणि त्यावरून स्वतःची जागा काढतं. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो. म्हणजे वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की जागेत ३०० मीटरचा फरक. एवढी नाजूक मोजणी असूनही यंत्र आपल्याला काही मीटरच्या आत आणून सोडतं, हे कौतुकाचंच आहे. पण 'काही मीटर' म्हणजे किती? ही यंत्रणा चालवणारं अमेरिकी सरकार स्वतःच सांगतं, की मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत जागा दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली, बरं का. आता आपल्या रस्त्याची रुंदी आठवा. एक लेन साडेतीन मीटरची. दोन लेन मिळून सात मीटर. ज्या यंत्राची चूक अख्ख्या लेनपेक्षा मोठी असू शकते, ते यंत्र गाडी कोणत्या लेनमध्ये होती हे कसं सांगणार?

आणि फाट्यावर कुठलं आलंय मोकळं आकाश? तिथे वडांची रांग आहे, एका बाजूला कापलेला डोंगर आहे. पानांतून सिग्नल क्षीण होतो. डोंगराच्या कड्यावर, इमारतीच्या भिंतीवर आपटून सिग्नल यंत्राकडे येतो तेव्हा तो लांबचा रस्ता घेऊन आलेला असतो, आणि यंत्राला वाटतं उपग्रहच लांब आहे. जागा सरकते. शिवाय डॅशकॅम बसतो काचेच्या आतल्या बाजूला, वर लोखंडी टप. त्याला पुढचंच आकाश दिसतं, मागचं झाकलेलं. काचेला धातूचा अंश असलेली काळी फिल्म लावलेली असेल तर आणखी मार. त्यात स्वस्त कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट शेजारच्या अँटेनाला त्रास देतो तो वेगळाच.

मग लोकांना खात्री का वाटते? याचं एक कारण म्हणजे तो आकडा. क्लिपवर अक्षांश छापलाय दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम ११ सेंटिमीटर. एक वीत सुद्धा नाही! यंत्राला पाच मीटरच्या आतलं धड कळत नाही, पण ते छापतं अकरा सेंटिमीटरपर्यंत. वजनकाटा शंभर ग्रॅम इकडेतिकडे करणारा आणि पावतीवर वजन मिलिग्रॅममध्ये, असला हा प्रकार. आकडा लांबलचक असला म्हणजे तो खरा असतो असं नाही.

दुसरं कारण म्हणजे मोबाईलचा नकाशा. रस्ता दाखवणारं ॲप तुमची गाडी नेहमी रस्त्यावरच दाखवतं, म्हणून आपल्याला वाटतं जीपीएस किती अचूक! अहो, ते ॲप तुमची जागा मुद्दाम जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर असताना ॲप तुम्हाला पुलावर चढवतं, तेव्हा त्याचं खरं रूप दिसतं. डॅशकॅमचा कच्चा आकडा नकाशात टाकला की ही ओढाओढ होत नाही, पिन पडेल तिथे पडते. त्यात नकाशामागचा उपग्रह फोटोसुद्धा जागेवरून काही मीटर सरकलेला असू शकतो. दोन चुकांची बेरीज करून आपण एका माणसाला रॉंग साइडला ढकललं.

गंमत म्हणजे याचं उत्तर त्याच क्लिपमध्ये आहे. मी ती मोठ्या स्क्रीनवर, थांबवून थांबवून पाहिली. रस्त्याच्या मधली पांढरी पट्टी गाडीच्या उजव्या अंगाला स्वच्छ दिसते. धडकेपर्यंत दिसते. गाडी आपल्याच बाजूला होती हे चित्र ओरडून सांगतंय आणि आपण चित्र सोडून आकडा वाचतोय.

आता वेगाकडे येऊ. इथे जीपीएसवर अन्याय नको. जागेपेक्षा वेग ते चांगला मोजतं. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते ना, तसाच उपग्रहाच्या सिग्नलच्या लहरींत फरक पडतो. बहुतेक यंत्रं त्यावरून वेग काढतात. सरळ, उघड्या रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीत हा आकडा तुमच्या स्पीडोमीटरपेक्षा खरा असतो. स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवू शकतो. म्हणजे गाडी खरोखर ८० वर असेल तर काटा ९२ पर्यंत चालतो. त्यामुळे "डॅशकॅम काट्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे खराब आहे" हा गॅरेजवाल्यांचा सिद्धांतही चुकीचा.

पण अपघात एका वेगाने होत नाही. ब्रेक लागतो, गाडी वळते, सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. आणि साधा डॅशकॅम जागा नि वेग सेकंदाला एकदाच नोंदवतो. या क्लिपमध्ये बघा. गाडीचं नाक ब्रेकने खाली दबलेलं दिसतं, रस्ता अंगावर यायचा मंदावतो, तरी कोपऱ्यात ६१ तसाच चिकटून बसलाय. ६१ च्या वेगाने एका सेकंदात गाडी सतरा मीटर जाते. यंत्रं आकडे उड्या मारू नयेत म्हणून सरासरीही काढतात, त्याने आणखी उशीर. म्हणजे ब्रेक लागताना तो आकडा मागचा, जास्त वेग दाखवतो. उलट ओव्हरटेकला गाडी जोरात काढली की खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. "६१ ने ठोकलं" हे वाक्य म्हणूनच टिकत नाही. ब्रेकच्या आधी तो ६१ च्या आसपास असेल, आणि तसं असेल तर ४० च्या बोर्डाचा जाब त्याला द्यावाच लागेल. पण धडकेचा वेग आणि आधीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाईच्या दाव्यात, गुन्ह्याच्या कलमात यावर माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं.

बोगद्यात तर विचारूच नका. खंबाटकीचा बोगदा असो, कशेडीचा असो की समृद्धीवरचा इगतपुरीचा, आत उपग्रह दिसतच नाही. कुठला कॅमेरा शून्य दाखवतो, कुठला शेवटचा आकडा धरून बसतो. बाहेर आल्यावर परत सिग्नल सापडेपर्यंत काही क्षण जातात. गाडी नुकतीच चालू केली असेल तरी तेच.

आणि आता सगळ्यात मोठी मजा. त्याच क्लिपवर वेळ छापलीय रात्री ८:४७. अपघात झाला संध्याकाळी सव्वासहाला, क्लिपमध्ये लख्ख उजेड आहे! आठ दिवस हजारो लोकांनी ती पाहिली, ६१ सगळ्यांना दिसला, ८:४७ एकालाही दिसलं नाही. कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चीनची वेळ तशीच राहिलीय, ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे कॅमेरा बसवणाऱ्याने घड्याळसुद्धा लावलेलं नाही, आणि त्याच कॅमेऱ्याच्या आकड्यावर आपण एकाची रोजीरोटी घालवली. उद्या कोर्टात समोरचा वकील हेच ८:४७ दाखवून अख्खी क्लिप बनावट ठरवायला बघेल. तेव्हा नुकसान कुणाचं? दवाखान्यात पडलेल्या त्या तरुणाचंच. कच्चा पुरावा दोघांनाही बुडवतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. वेग पकडणारी, चलन फाडणारी सरकारी यंत्रं, त्यात पोलिसांचा डॅशबोर्ड कॅमेराही आला, अचूक आहेत असं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. म्हणजे पाचशे-हजाराचं चलन फाडायला प्रमाणित यंत्र हवं, आणि माणूस जेलात घालायला बाजारातून आणलेला, कधीही न तपासलेला कॅमेरा चालतो? हा कुठला न्याय?

कोर्टाचा रस्ताही स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो आणि तज्ज्ञाची सहीही लागते. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची गरज सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात पक्की केली. तो खटला आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचा, आणि वाद व्हिडिओ चित्रणाचाच होता! व्हॉट्सॲपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेली क्लिप यात कुठेच बसत नाही. फॉरवर्ड करताना फाइल दाबली जाते आणि तिच्या पोटातली मूळ नोंद, किती उपग्रह दिसत होते, सिग्नलची प्रत कशी होती, ती गळून पडते. उरतो फक्त चित्रावर छापलेला आकडा.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१) पोलिसांनी क्लिप नव्हे, मूळ मेमरी कार्ड ताब्यात घ्यावं, तेही त्याच दिवशी. डॅशकॅम जुनं पुसून त्यावर नवं भरत जातो. उशीर केला की पुरावा गेला.

२) कोपऱ्यातला वेग पंचनाम्यात जसाच्या तसा उतरवू नये. क्लिपमध्ये दिसणाऱ्या दोन विजेच्या खांबांमधलं अंतर टेपने मोजावं आणि गाडीने ते किती फ्रेममध्ये कापलं ते मोजावं. सेकंदाला ३० फ्रेम असतील आणि ४० मीटर ५४ फ्रेममध्ये कापले असतील, तर १.८ सेकंद, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. सातवीचं गणित आहे. याला ना उपग्रह लागतो ना अमेरिका.

३) विमा कंपन्यांच्या सर्व्हेअरनी "जीपीएसप्रमाणे" एवढ्या एका शब्दावर दावा नाकारू नये. कोणतं यंत्र, सेकंदाला किती नोंदी, कच्ची नोंद कुठे आहे, हे लेखी द्यावं.

४) दुकानदारांनी 'शंभर टक्के अचूक जीपीएस' ही पाटी काढावी. गिऱ्हाइकाला घड्याळ भारतीय वेळेवर लावून द्यावं, एवढं तरी करा.

५) पिकअपच्या मालकांना हात जोडून विनंती. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या पोराला कामावर घ्या, नाहीतर निदान या महिन्याचा पगार तरी द्या. गाडी वेळेत पोचवायची घाई तुमचीच असते, हेही जरा आठवा.

डॅशकॅम लावू नका असं मी म्हणत नाही. लावाच. खोटे साक्षीदार उभे राहणाऱ्या आपल्या भागात तो फार कामाचा आहे. पण त्याची ताकद चित्रात आहे. सिग्नल लाल होता का, पट्टी कुणी ओलांडली, इंडिकेटर दिला होता का, हे तो बिनचूक सांगतो. आकडा हा फक्त अंदाज आहे, तो तपासून घ्यायचा.

ज्या ग्रुपवर ती क्लिप आली असेल त्या प्रत्येक ग्रुपवर ही पोस्ट टाका. ॲडमिन मंडळी, ड्रायव्हरचा चेहरा आणि नाव असलेले फोटो आजच काढून टाका. तपास अधिकाऱ्यांना मी वरच्या मुद्द्यांचं लेखी निवेदन उद्या देतोय, सही करायची असेल त्यांनी सकाळी अकराला पोलीस ठाण्याच्या गेटवर या. पटलं नसेल तर खाली मुद्द्याने भांडा, उत्तर देईन.

#डॅशकॅम #अपघात #फाटा