न दिसणारी कड



पर्युषण जवळ आलं की आपल्या घरांतून एक फोन हमखास जातो, पेस्ट कंट्रोलवाल्याला. "आधीच करून घेऊ, म्हणजे त्या आठ दिवसांत काही दिसायला नको." हे वाक्य मी चांगल्या रोज सामायिक करणाऱ्या श्राविकेच्या तोंडून ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, एका वर्षी तो फोन मीही केला होता.

कारण होतं स्वयंपाकघरातल्या फळ्या. समोरून सनमायका चकचकीत, पण मागच्या कडेला काळी फूग आणि खाली पिठासारखा भुसा. फूग म्हणजे अनंतकाय, वाळवी त्रेंद्रिय, हे पाठशाळेतली मुलंही सांगतील. पण ही उत्पत्ती होते कुठे? प्लायच्या उघड्या कडेत. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो. त्यामुळे कोणतीही कड कापा, एकाआड एक थरांच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. तिथून दमट हवा आत शिरते, आणि लाकूड पोखरणारा किडा अंडी घालतो तोही उघड्या लाकडाच्या अशाच छिद्रांत.

आमचं जिते म्हणजे कोकणची हवा. शेजारच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत पावसात गणपतीच्या मूर्ती वाळता वाळत नाहीत. तिथे प्लायची उघडी कड कोरडी राहील?

सुताराला विचारलं तर म्हणाला, "ताई, मागे कोण बघतंय?" रागावले. मग हिशेब केला. तीन फूट बाय एक फुटाच्या फळीला एकूण आठ फूट कड. पट्टी लागते ती समोरच्या तीन फुटांना. उरलेल्या पाच फुटांचे पैसे आपण देतच नाही! दर चौरस फुटाचा, त्यातही घासाघीस, मग तो माणूस फुकट का राबेल? दोष त्याचा कमी, आपला जास्त.

कोणी म्हणेल, मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० शिक्का बघा. जरूर घ्या. त्याचा चिकटा पाण्याने सुटत नाही, पण कडेची तोंडं त्यालाही असतातच. कोणी म्हणेल, टेप लावू. मशीनवर गरम गोंदाने बसवलेली टेप टिकते. हाताने चिकटवलेली मात्र शेगडीजवळ कोपऱ्यातून सुटते, आणि त्या फटीत झुरळांचा संसार.

मी आता असं करून घेते. समोर सागवानी पट्टी, फेविकॉल आणि बारीक खिळ्यांनी बसवून रंध्याने सपाट केलेली. बाकी तिन्ही कडांना, सिंकच्या कापाला आणि जमिनीला टेकणाऱ्या कडेला तर आधी, ऑइल प्रायमरचे दोन हात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, म्हणून दुसरा लागतोच. हे सगळं फळी भिंतीला लागण्याआधी. नंतर ब्रश पोचत नाही.

पॉलिशचंही विचारा. चपड्याचं पॉलिश लाखेचं, आणि लाख किड्यांची. पंधरा कर्मादानांत लक्खवाणिज्य आहे, विषवाणिज्यही आहे. आपण लाखेचा धंदा करत नाही म्हणून सुटलो, असं मी तरी मानत नाही. मेलामाईन मिळतं, तेच घ्या. पूर्वी सुतार कातडी-हाडांचा सरस उकळून वापरायचे. १९५९ मध्ये फेविकॉल आल्यावर तो प्रश्न बराचसा मिटला. इथेही पर्याय आहे, फक्त विचारावं लागतं.

"एवढ्याशा कडेत कसला धर्म," असं सासूबाईंच्या मैत्रिणी हसत म्हणाल्या. मग पाण्याला गळणं कशाला बांधतो आपण? जीव मरण्याआधीची काळजी म्हणजे यतना. विष फवारून नंतर मिच्छामि दुक्कडं म्हणणं सोपं आहे, मीही म्हटलं होतं. त्या दिवशी ओट्याखालून सुपलीभर मेलेले जीव निघाले, ते भरायला मी मोलकरणीला सांगितलं. स्वतः हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात कपाटाचं काम निघतंय. सुतारकाकांना आठही फुटांचे पैसे आधीच कबूल केलेत.