अंधेरीचा काळा खडक आणि आमची रसिकता

लेणें पाहावयास गेलेला गृहस्थ आधीं विचारतो, 'हें कोणीं कोरलें?' गडावर गेलेला विचारतो, 'हा कोणीं बांधला?' ज्या दगडाला असा बाप दाखवितां येत नाहीं त्याला इतिहासहि नाहीं, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत दिसते. या समजुतीचें फळ पाहावयाचें असेल तर मुंबईंत अंधेरी स्टेशनाच्या पश्चिमेस गिल्बर्ट टेकडीपाशीं जावें.

सुमारें २०० फूट उंचीचा हा काळ्या बेसाल्टाचा कडा जवळजवळ ६ कोटि ६० लक्ष वर्षांचा आहे. लाव्हारस निवतां निवतां आकुंचन पावला, त्याला उभ्या भेगा पडल्या, आणि एकमेकांस चिकटून उभे असलेले बहुकोनी खांब तयार झाले. परदेशी नांव घेतल्यावांचून आम्हांस कौतुक करतां येत नसल्यानें अमेरिकेंतील 'डेव्हिल्स टॉवर'चा दाखला नेहमीं पुढें येतो. (तो खडक मुळीं बेसाल्टच नव्हे, ही गोष्ट निराळी!) तेथून कांहीं घ्यावयाचेंच तर हें घ्यावें कीं, १९०६ सालीं तो राष्ट्रीय स्मारक ठरला तेव्हां भोवतालची जमीनहि त्याच्यासाठीं राखली गेली.

आमच्याकडे कागद झाले. १९५२ सालीं टेकडीस राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षण मिळालें. २००७ सालीं महानगरपालिकेनें तिला वारसा-यादींत दुसरी श्रेणी दिली. पण तोंवर भोवतालचा दगड खाणवाल्यांनीं फोडून नेला होता, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पायथ्यापर्यंत वस्ती व इमारती येऊन भिडल्या. 'लोकांना घरें नकोत काय?' असा सवाल आम्हांस करण्यांत येईल. घरें हवींतच. परंतु खांबांच्या भेगांत दर पावसाळ्यांत पाणी शिरतें, दगड सैल होतो. अशा कड्याखालीं ज्याला घर देतां, त्याच्यावर उपकार करतां कीं त्याचा जीव टांगणीस लावतां? पायथ्याशीं मोकळी जागा राखा म्हणणें हा केवळ रसिकांचा चोचला नव्हे.

माथ्यावर गांवदेवी व दुर्गामाता यांचीं देवळें आहेत. तेथें जाणाऱ्या भाविकांस हंसणें हें आमच्यांत विद्वत्तेचें लक्षण समजतात. आम्ही म्हणतों, दगडांत खोदलेल्या पायऱ्या चढून ते निदान टेकडीवर जातात तरी! भूगोलाच्या पुस्तकांत लाव्हा पाठ करणाऱ्या मुलांस तो हातानें चाचपून पाहण्याची संधि शाळा क्वचितच देतात, आणि महाबळेश्वरचे पॉइंट मोजीत हिंडणारे आईबाप तर देतच नाहींत. त्यांनीं येत्या रविवारीं मुलांस घेऊन लोकलनें अंधेरीस जावें. आणि उतरतांना कड्याच्या पायथ्याशीं नवा पाया खणलेला दिसला, तर घरीं येतांच महानगरपालिकेस पत्र लिहावें.