मावशी, ते एम.एस. नाही!

परवाच्या हळदीकुंकवाची गोष्ट. कोथरूडला मावशीच्या सोसायटीत जमलो होतो. माझ्या एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात वाण म्हणून मिळालेला स्टीलचा चमचा (दरवर्षी चमचाच का, हा वेगळ्या कॉलमचा विषय आहे!) आणि समोर चार काकूंचं कोंडाळं. त्यातल्या एकीनं मावशीला विचारलं, ‘‘काय म्हणते लेक? अमेरिकेत घरी बसून कंटाळली असेल ना?’’

मावशीनं एक सेकंदही न थांबता षटकार ठोकला. ‘‘छे हो! एम.एस. करतेय ती. कॉम्प्युटर सायन्समध्ये!’’

माझा तिळगूळ घशातच अडकला. कारण ताई एम.एस. करत नाहीये. ती ‘असोसिएट डिग्री’ करतेय. कम्युनिटी कॉलेजात. वय वर्षं चौतीस, घरात चार वर्षांची मुलगी आणि वर्गात शेजारी बसणारा मुलगा एकोणीस वर्षांचा!

त्याच संध्याकाळी साडेसातला मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा. लेक उठायच्या आधीचा हा एक तास तिच्या अभ्यासाचा. मी हळदीकुंकवाचा किस्सा रंगवून सांगितला. ताई आधी खूप हसली. मग जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अगं, एम.एस.ला आधी बी.ई. लागतं. ते तरी कुठंय माझ्याकडे?’’

आता हे थोडं सविस्तर सांगायला हवं. (ताईची परवानगी घेऊन लिहितेय. ‘‘लिही बिनधास्त, एकदाचं बाहेर येऊ दे,’’ असं तिनंच सांगितलंय. मावशीची परवानगी घेतलेली नाही. अंक तिच्या हातात पडला की काय ते बघू.)

ताईनं पुण्यात इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली होती. कॉम्प्युटर ब्रँच. पहिलं वर्ष एटीकेटीसकट पार पडलं आणि दुसऱ्या वर्षी समोर आला एम-थ्री. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हा शब्द नुसता ऐकवा, चेहरा बघा! इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर. लाप्लास, फूरिये, व्हेक्टर कॅल्क्युलस. ताईचा एम-थ्री एकदा गेला, दोनदा गेला, वाय.डी. लागला. मैत्रिणी थर्ड इयरला गेल्या आणि ही ज्युनिअर्सच्या बाकावर. तिसऱ्यांदा रिझल्ट लागला त्या दिवशी तिनं कॉलेज सोडलं. मग एका बीपीओत नाइट शिफ्ट, मग लग्न, मग जिजूंचा एच-वन-बी आणि तिचा एच-फोर. जिजूंना सगळं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. सोसायटीला मात्र मावशीनं ‘बी.ई. झाली’ असंच सांगून ठेवलं होतं. बी.ई. आधीच ‘झालेली’ असल्यावर पुढची पायरी एम.एस.च असणार ना! थोडक्यात काय, मावशीचं खोटंसुद्धा शिस्तीत पास होत पुढच्या वर्गात गेलं होतं.

तर ही असोसिएट डिग्री म्हणजे नक्की काय भानगड आहे?

अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांचं. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास कम्युनिटी कॉलेजात करता येतो. साधारण साठ सेमिस्टर युनिट्स पूर्ण केली, की असोसिएट डिग्री मिळते. तिथून नोकरी शोधा, नाहीतर चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत बदली घेऊन थेट तिसऱ्या वर्षाला जा. या बदलीला तिकडे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. कल्पना नवी नाही. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. आजच्या घडीला एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत.

प्रवेशाला एंट्रन्स नाही, कटऑफ नाही, ‘गॅप का पडली?’ असा प्रश्न नाही. नाव घाला आणि बसा! ताईच्या वर्गात सैन्यातून परतलेला एक जण आहे. दिवसभर ऊबर चालवून संध्याकाळी येणारे एक व्हिएतनामी काका आहेत. एक आजोबा तर रिटायरमेंटनंतर ‘राहून गेलं होतं’ म्हणून जावा शिकायला आलेत. ताई म्हणते, ‘‘पहिल्या दिवशी वाटलं होतं, आपणच सगळ्यांत म्हाताऱ्या. दुसऱ्या दिवशी कळलं, आपण मधल्या फळीतले!’’

आणि कोर्स म्हणजे ‘तीन महिन्यांत कोडिंग शिका’ टाइप मामला नाही बरं का! प्रोग्रॅमिंगचे दोन-तीन पेपर, डेटा स्ट्रक्चर्स, असेंब्ली लँग्वेज, डिस्क्रीट मॅथ्स, कॅल्क्युलस, फिजिक्स. शिवाय इंग्रजी निबंधलेखन, इतिहास, झालंच तर पब्लिक स्पीकिंग. कॉम्प्युटरवाल्यांनी इतिहास कशाला शिकायचा, असं ताईलाही वाटलं होतं. पण भर वर्गात उभं राहून आठ मिनिटं इंग्रजीत बोलली तेव्हा म्हणाली, ‘‘बीपीओत चार वर्षं इंग्रजीत बोलले गं, पण स्वतःचं असं काही पहिल्यांदाच बोलले.’’

आता पैशांचं बोलू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर. २०१२ पासून तेवढीच आहे. साठ युनिट्सचे झाले २,७६० डॉलर, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आसपास. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. रहिवासी ठरायला वर्षभराहून जास्त वास्तव्य आणि इथंच राहणार असल्याचे पुरावे लागतात. एच-फोरवर ते जमतं, आणि शिकण्यासाठी वेगळा स्टुडंट व्हिसाही लागत नाही. इथून थेट स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्याला मात्र ही फी मिळत नाही, त्याला कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. त्यामुळे ‘अडीच लाखांत अमेरिका’ असं वाचून बॅग भरायला घेतली असेल, तर प्लीज खाली ठेवा!

बाकीचे खड्डेही सांगते, कारण ते ताईनंच मला सांगितलेत. एक, असोसिएट डिग्रीवर एच-वन-बी मिळत नाही, त्याला किमान बॅचलर्स किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी लागतं. दोन, स्टुडंट व्हिसावाल्यांना शिक्षणानंतर वर्षभर काम करता येतं. पण टेक्नॉलॉजीवाल्यांना त्यापुढे जी दोन वर्षं वाढवून मिळतात, ती असोसिएटवर मिळत नाहीत. तीन, एच-फोरवर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्याच्या पुढे सरकलेली असावी लागते. जिजूंची अजून सरकलेली नाही. आणि चार, सगळ्यांत महत्त्वाचं. कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण तिघांतला एकच पुढे युनिव्हर्सिटीत जातो. सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडतं ते साधारण सहांतल्या एकाच्या. नोकरी, मुलं, घरभाडं... दार सताड उघडं असलं, तरी आतला जिना चढावाच लागतो. ताईलाही ‘दोन वर्षांच्या’ डिग्रीला साडेतीन वर्षं लागली आहेत.

मग कशाला हा सगळा उपद्व्याप? त्यात आता तर कोड एआय लिहितो! मी हे विचारलं, तेव्हा ताईनं लॅपटॉपचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. ‘‘हा बघ, त्यानंच लिहिलेला प्रोग्रॅम. दिसायला एकदम सही. यादीत नावं असली की झकास चालतो, यादी रिकामी दिली की झोपतो. आमच्या सरांनी असे दहा दिलेत. कुठे झोपतात ते शोधा, आणि परीक्षेत ते कागदावर हातानं लिहा!’’ पहाटे सहा वाजता ती हे शोधत बसली होती आणि चेहऱ्यावर काय ग्लो होता म्हणून सांगू! एका फेशियलमध्ये येत नाही तसला.

आणि हो, एम-थ्रीचं काय झालं ते राहिलंच. त्यातला बराचसा अभ्यास ताईला तिकडे पुन्हा करावा लागला. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स. पहिल्या चाचणीआधी तिचे हात थंड पडले होते. पण फरक असा होता, की अडलं तर सरांच्या ऑफिसात ठरलेल्या वेळी जाऊन बसता येत होतं. ट्यूटरिंग सेंटरमध्ये फुकट शिकवणी होती. गृहपाठ, छोट्या चाचण्या, मिडटर्म असे मार्क जमा होत होते, सगळं तीन तासांच्या एका पेपरवर टांगलेलं नव्हतं. पुण्यात तीनदा गेलेल्या विषयात ताईला ‘ए’ मिळाला. त्या रात्री तिनं मला फक्त ग्रेडचा फोटो पाठवला. खाली एक शब्दही नाही.

आपल्याकडे डिग्रीलाही जात असते बघा. एम.एस. वर, बी.ई. त्याखाली, डिप्लोमा आणखी खाली आणि कॉलेज सोडलेला तर पंगतीतच नाही. (मी मास कॉम केलं तेव्हा मावशीनं विचारलं होतं, ‘‘मग टीव्हीवर कधी दिसणार?’’ अजून दिसलेली नाही, त्यामुळे माझा नंबर कुठे लागतो ते विचारू नका.) तिकडेही कम्युनिटी कॉलेजला नाकं मुरडणारे आहेतच. पण अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकून पुढे बर्कलीला गेला, अभिनेता टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला आणि नवरा राष्ट्राध्यक्ष असतानाही जिल बायडेन कम्युनिटी कॉलेजातच शिकवत होत्या.

आपल्याकडे अशी दारं नाहीतच असंही नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला, की इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला डिप्लोमा द्यायची सोय आहे. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही आणि मध्येच थांबलात तरी टप्प्यानुसार सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात पडतो. हिंजवडीच्या बसमध्ये बसून ‘माझं ग्रॅज्युएशन राहिलंय’ हे शेजारच्या कलीगपासून लपवणाऱ्या मंडळींनो, ऐकताय ना?

आता शेवटचा सीन. हळदीकुंकवानंतरचा रविवार, मावशीच्या घरी सगळे टॅबसमोर. मी मुद्दामच विषय काढला. मावशी माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. तेवढ्यात आमचे काका पुढे सरकले. काका स्वतः पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, उभी हयात पिंपरीच्या एका कंपनीच्या शॉप फ्लोअरवर काढली. नोकरी करता करता ए.एम.आय.ई. द्यायला घेतली होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ती परीक्षा तेव्हा इंजिनिअरिंगच्या पदवीच्या तोडीची मानली जायची. सेक्शन ए झाला, सेक्शन बी राहिला. कपाटाच्या वरच्या फळीवर ती पुस्तकं अजून आहेत.

काकांनी विचारलं, ‘‘ट्रान्सफर म्हणजे डायरेक्ट थर्ड इयर ना गं?’’

‘‘हो बाबा. फॉर्म भरलेत. एप्रिलमध्ये कळेल.’’

‘‘आणि गणित?’’

‘‘ए मिळाला.’’

‘‘एम-थ्रीचं?’’

‘‘एम-थ्रीचंच, बाबा.’’

काकांनी चष्मा काढून पुसला. मग मावशीकडे वळून म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर असोसिएट करतेय म्हणून सांगायचं. नाही समजलं, तर माझ्याकडे पाठवून दे. मी समजावतो.’’

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. आत जाऊन चहा टाकला. बाहेर आली ती ट्रे ठेवता ठेवता टॅबकडे बघून म्हणाली, ‘‘काय गं, त्या असोसिएटमध्ये डिस्टिंक्शन असतं का?’’

‘‘आई, ऑनर्स म्हणतात. मिळेल बहुतेक.’’

‘‘मग ते आधी नाही का सांगायचं!’’