दातांची कामं भारतवारीवर ढकलू नका

भारतात गेल्यावर उरकायच्या कामांची एक यादी अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक घरात असते. बँकेची केवायसी, फ्लॅटचा मेंटेनन्स, चष्मा आणि हमखास दात. "डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तेव्हा दाखवून घेऊ." चाळिशी-पन्नाशीत हे खपून जातं. साठीनंतर ही सवय फार महागात पडते आणि ती आपण सोडायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

सवय का लागली, हे उघड आहे. नोकरी असेपर्यंत कंपनीचा डेंटल इन्शुरन्स असतो, निवृत्तीबरोबर तो बहुधा जातो. मग ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर येतं, पण 1965 साली मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हापासूनच नेहमीचे दंतोपचार त्यातून वगळलेले आहेत. क्लीनिंग, फिलिंग, कवळी यांचे पैसे मूळ मेडिकेअर देत नाही. हृदयाची झडप बदलण्याआधी किंवा अवयव प्रत्यारोपणाआधी लागणारी दातांची तपासणी, अशा मोजक्या प्रसंगीच ते मदतीला येतं. खासगी कंपनीचा मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन घेतला तरी बहुधा वर्षाची मर्यादा असते. एका कॅपचा इथला खर्च ऐकला की भारताचं तिकीट स्वस्त वाटू लागतं. शिवाय तिकडचा डेंटिस्ट मराठीत बोलतो, उद्याची वेळ देतो आणि काम उत्तम करतो. त्याच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या कॅलेंडरबद्दल आहे.

हिरड्यांचा आजार आपल्या तिकिटासाठी थांबत नाही आणि बरेचदा दुखतही नाही. दातांवर रोज साचणारा मऊ थर ब्रशने निघतो. तो राहिला तर काही दिवसांत कडक होतो, त्याचं किटण बनतं आणि मग ते डेंटिस्टकडेच काढावं लागतं. हिरडी सुजते, चूळ भरताना जरासं रक्त दिसतं, आपण ब्रशला दोष देऊन मोकळे होतो. तोवर आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलेलं असतं, आणि झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे जाणाऱ्याचं हे कोण आणि कधी पाहणार? मोठी कामंही या तीन आठवड्यांत बसत नाहीत. इम्प्लांट जबड्याच्या हाडात पक्कं व्हायला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने लागतात. लग्नकार्य, नातेवाईक आणि कोकणची फेरी यांच्या मधल्या फटीत रूट कॅनाल नि कॅप उरकून विमानात बसलेली माणसं मला आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ गटात नेहमी भेटतात. परत आल्यावर कॅप उंच लागते, आणि इथे नव्या डॉक्टरपुढे पुन्हा एक्स-रेपासून सुरुवात होते.

गुढीपाडव्याच्या जेवणाला गटातले एक काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी कोशिंबीर कडेला सारली होती, मटकीची उसळ जेमतेम चाखली होती, आणि श्रीखंडात बुडवलेली पुरी मऊ होण्याची ते वाट पाहत होते. विचारलं तर म्हणाले, "डावी बाजू कधीची बंदच आहे. जानेवारीत जाणार आहे ना." काकांना मधुमेह आहे. त्यांनी जे खायला हवं तेच चावता येत नाही, म्हणून पोटात जातो तो मऊ भात आणि गोड. त्यात साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. आपल्यात घरोघरी मधुमेह असताना दातांना आपण दुय्यम कसे मानतो, हे मला कळत नाही.

वयाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, वारंवार लघवी होण्यावरच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. दात धुऊन काढण्याचं आणि आम्ल शमवण्याचं काम लाळ करते. ती कमी झाली की कीड झपाट्याने लागते. त्यात हिरड्या मागे सरकल्याने दातांची मुळं उघडी पडलेली असतात, आणि मुळांवर वरच्या भागासारखं टणक एनॅमल नसतं. म्हणून आयुष्यभर एकही दात किडला नाही असं सांगणाऱ्या माणसाचे सत्तरीत एकदम तीन-चार दात किडतात. असं होत असेल तर जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट प्रिस्क्रिप्शनवर मिळते, ती मागून घ्या. हाडांच्या ठिसूळपणावरची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी डेंटिस्टला सांगितलंच पाहिजे, आणि ती गोळी मनानेच बंद करायची नाही.

म्हातारपणी तोंडाचं बोळकं व्हायचंच, हा समज आपण आजी-आजोबांकडे पाहून घेतला. त्या पिढीत मिश्री होती, तंबाखू होती, आणि दुखला दात की काढ हाच उपाय होता. जपानने 1989 साली ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात राखण्याची मोहीम सुरू केली. तेव्हा हे दहांतल्या एकालाही जमत नव्हतं; 2016 च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना ते जमलं होतं. एका पिढीच्या आत हे घडलं. उशीर झाला म्हणून हात टेकायचंही कारण नाही. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका प्रयोगासाठी काही निरोगी तरुणांनी दात घासणं थांबवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांत बऱ्या झाल्या. हाडापर्यंत न पोचलेली सूज अशी परतवता येते.

रोजचं काम साधं आहे. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा दोन-दोन मिनिटं; त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. दातांच्या फटींत फ्लॉस किंवा बारीक ब्रश. सांधेदुखीने बोटं वळत नसतील तर इलेक्ट्रिक ब्रश घ्या, तो चैनीत मोजू नका. कवळी रात्री काढून ठेवा आणि तीही घासा. सुपारी सोडा, तिने कॅन्सर होतो. आणि वर्षातून दोनदा इथेच क्लीनिंग करून घ्या. खर्चाची अडचण खरी आहे, पण डेंटल कॉलेजांच्या क्लिनिकमध्ये शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी बऱ्याच कमी पैशांत काम करतात. वेळ जास्त लागतो, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांचं गणित मात्र उलटं आहे. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये नेहमीचे दंतोपचार सहसा नसतातच. त्यांचे दात तिकडून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी तपासून घ्या, म्हणजे निघालेलं काम पुरं व्हायला अवधी मिळेल.

आपल्या ज्येष्ठ मेळाव्यात रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तोंड कोणी उघडून पाहत नाही. मंडळात डेंटिस्ट सभासद आहेत. पुढच्या मेळाव्यात त्यांनी एक दुपार द्यावी, आणि जवळपासच्या डेंटल कॉलेजांची माहिती मंडळाच्या अंकात छापावी, असं मी कार्यकारिणीला सुचवणार आहे. आणखी एक अडचण गाडीची. आपले कितीतरी ज्येष्ठ आता हायवेवर गाडी चालवत नाहीत, आणि मुलांना सुट्टी घ्यायला लावणं त्यांच्या जिवावर येतं. कामाच्या दिवशी सकाळी कोणाला तरी क्लिनिकला नेऊन आणणं ज्यांना जमेल, त्यांनी आपलं नाव माझ्याकडे द्यावं.