पलटण मोडली, दालन उरले नाही

पराक्रमाचे गोडवे गाणे सोपे असते. त्या पराक्रमाला शांततेच्या काळात हक्काची जागा मिळवणे अवघड असते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचा इतिहास आम्हाला हेच सांगतो.

१९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठ सोडले. त्याच वर्षी विद्यापीठाशेजारच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची नॅशनल गार्डची पलटण उभी राहिली. एरवी पोटापाण्याचा धंदा करणारे आणि सवडीने कवायत करणारे हे नागरिक-सैनिक. गोऱ्या पलटणींना शहरात किल्ल्यासारखी शस्त्रागारे होती. यांनी भाड्याच्या नाचघरात कवायत केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने त्यांना फ्रेंचांच्या हवाली केले. ही ३६९ वी रेजिमेंट १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सने शौर्यपदक देऊन तिचा गौरव केला.

१९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली. मिरवणुका विसरल्या जातात. हार्लेमकडे मात्र टिकणारे काही आले. १९२० च्या दशकात कवायतीचे भव्य दालन आणि १९३३ पर्यंत कचेरीची इमारत उभी राहिली. तिथे शिस्त पुढच्या पिढीकडे गेली. १९३८ मध्ये रेजिमेंटची सूत्रे बेंजामिन डेव्हिस या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याच्या हाती आली. १९४० मध्ये ते अमेरिकी सैन्यातील पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

म्हणून वर्णभेद संपला काय? मुळीच नाही. सैन्यातील भेदभाव संपवण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश १९४८ मध्ये निघाला. याच रेजिमेंटचा वीर हेन्री जॉन्सन १९२९ मध्ये उपेक्षेत मेला. त्याला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते २०१५ मध्ये!

आता आपल्याकडे पाहा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. हार्लेममध्ये दालन उभे राहत होते त्याच काळात आपले जवान रिकाम्या हातांनी गावकुसाबाहेर परतत होते. सुभेदारपुत्र बाबासाहेबांनी हे ओळखले होते. महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल आकाराला आले, ते शस्त्राविना शिस्त जपण्यासाठी. महार रेजिमेंट १९४१ मध्ये त्यांच्याच आग्रहाने उभी राहिली.

बांधवांनो, १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना दिलीच पाहिजे. परंतु उरलेल्या ३६४ दिवसांचे काय? वस्तीतले विहार जयंतीपुरते उघडून चालणार नाही. तिथे रोज अभ्यास, व्यायाम आणि विचार झाला पाहिजे. सरकारने दिलेली पलटण सरकार मोडू शकते. समाजाने रोज चालवलेले दालन मोडणे कोणालाही सोपे नाही.