पुरावा कोणी मिळवला?

जुनी स्पोर्ट्स कार ऑनलाइन घ्यायला गेलेला कोणी लाखांना बुडाला, की आपल्याकडे निकाल तयारच असतो. ‘हाव नडली. एवढ्या स्वस्तात पोर्श मिळते का कुठे?’ निकाल देणारा मग निर्धास्त होतो, कारण आपण हावरे नाही याची प्रत्येकाला खात्री असते. बुडालेल्याचे पैसे जातात आणि वर अक्कलही काढली जाते. लाजेपायी तो तक्रार करायला चार दिवस उशीर करतो. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. चार दिवसांनी ती जवळपास संपलेली असते. म्हणजे हा निकाल निर्दयी तर आहेच, शिवाय ठगाच्या सोयीचाही आहे. आणि तो चुकीचाही आहे.

‘स्वस्त म्हणजे खोटे’ हे त्यातले मुख्य सूत्र. स्पोर्ट्स कारच्या बाजारात ते दोन्ही बाजूंनी कोसळते. दोन दारांची, दोन सीटांची, स्पीडब्रेकरवर पोट घासणारी गाडी आपल्याकडे घेणारे मुळात थोडे. सुटे भाग महाग, सर्व्हिसिंग महाग. त्यामुळे बॉक्स्टर, झेड-फोर किंवा ऑडी टीटीची किंमत प्रामाणिक व्यवहारातही धाडकन खाली येते. दिल्लीची गाडी असेल तर आणखी. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने तिथे बडगा उगारला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. २०२५ मध्ये न्यायालयाने ही सक्ती शिथिल करेपर्यंत चौदा वर्षांची धडधाकट गाडीही तिथला मालक पडेल भावात काढत असे. पुदुच्चेरी पासिंगच्या गाड्यांचे कारण वेगळे. तिथे कर कमी भरलेला असतो आणि महाराष्ट्रात आणल्यावर तो फरक घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. या स्वस्ताईत लबाडी नाही, हिशोब आहे.

उलट बाजूने पाहा. मुरलेला ठग गाडी निम्म्या किमतीत टाकत नाही. तो बाजारभावापेक्षा जेमतेम पाच टक्के कमी सांगतो, घासाघीस करतो, रुसतोही. ‘स्वस्त म्हणजे खोटे’ हे त्यानेही ऐकलेले आहे. जी खूण सगळ्यांना ठाऊक झाली ती ठगालाही ठाऊक झाली, आणि ती पुसायला त्याला एक पैसा लागत नाही. जाहिरातीतले अशुद्धलेखन, लष्करी जवानाचे ओळखपत्र, ‘बदली झाली म्हणून घाईत विकतोय’ ही कथा, या खुणा लक्षात ठेवायला हरकत नाही. पण त्या दिसल्या नाहीत म्हणून व्यवहार खरा मानणे धोक्याचे आहे.

मग दुसरे शहाणे म्हणतात, ‘फोटोवर जाऊ नका. गाडी डोळ्यांनी बघा, हात लावा, चालवा.’ सल्ला चांगला, पण अपुरा. जुन्या गाड्यांच्या बाजारातली एक युक्ती नेमकी या सल्ल्यावरच पोसली आहे. पुण्यातल्या एका सज्जनाने आपली मस्टँग विकायला काढली आहे असे समजा. ठग ती जाहिरात उचलतो, किंमत थोडी उतरवून आपल्या नावाने टाकतो. तुम्ही फोन करता. तो सांगतो, ‘गाडी माझ्या मेव्हण्याकडे आहे, जाऊन बघा. फक्त किमतीचं त्यांच्याशी बोलू नका, आमचा घरातला व्यवहार आहे.’ इकडे खऱ्या मालकाला तो सांगतो, ‘माझा माणूस गाडी बघायला येतोय. त्याच्याकडून माझं येणं आहे, पैशांचा विषय काढू नका, पेमेंट मी करतो.’ तुम्ही जाता. गाडी खरी, आरसी खरी, चहा देणारा मालक खरा. तुम्ही पैसे पाठवता आणि ते जातात तिसऱ्याच्याच खात्यात. मग तुम्ही आणि मालक समोरासमोर उभे राहून एकमेकांना चोर म्हणता. या व्यवहारात डोळ्यांनी पाहिलेले सगळे खरे होते. खोटा होता तो पैसे घेणाऱ्याचा आणि गाडीचा संबंध, आणि तो चालवून बघता येत नाही. ‘किमतीचं बोलू नका’ हे वाक्य ऐकताच मालकासमोर किमतीचेच बोलावे, एवढ्याने हा डाव मोडतो.

तिसरा पक्ष कागदवाल्यांचा. ‘आरसी चोख, इन्शुरन्स चालू, पीयूसी आहे, आणखी काय पाहिजे?’ पाहिजे ते हे, की कागद याच गाडीचे असावेत. मोठ्या अपघातात किंवा पुरात गेलेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते आणि भंगार लिलावात जाते. टोळ्या ते भंगार घेतात ते पत्र्यासाठी नव्हे, कागदांसाठी. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर भंगारातला चेसिस नंबर पंच करायचा, की कागद चोख! सरकारच्या वाहन प्रणालीत नंबर टाका, उत्तर बरोबर येईल. कारण प्रणाली नंबरला ओळखते, गाडीला नाही. अशी गाडी पोलिसांनी उचलली तर ‘मी पूर्ण पैसे मोजले’ हा बचाव टिकत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम २७ सांगते की ज्याची मालकीच नाही तो मालकी विकू शकत नाही.

आता चौथा आणि सर्वात आदरणीय पक्ष: ‘ऑनलाइनच्या भानगडीत पडायचंच कशाला? ओळखीत घ्या.’ या पक्षाला मी नम्रपणे विचारतो, मीटर मागे फिरवणे इंटरनेटने शिकवले का? पुराच्या गाड्या डेंटिंग-पेंटिंग करून विकण्याचा धंदा जुना आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तशा गाड्या पुढे ‘ओळखीत’ही विकल्या जातात. ओळखीचा मोठा दोष असा की ती प्रश्न विचारू देत नाही. मेहुण्याच्या मित्राला ‘गाडी लिफ्टवर चढवून बघू का?’ म्हणायला जीभ रेटत नाही. अनोळखी माणसाला खुशाल म्हणता येते.

पाचव्या पक्षाचे म्हणणे, डीलरच्या तपासणी-प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा. दोनशे मुद्द्यांचा अहवाल दिसायला भारदस्त असतो, पण तो विकणाऱ्यानेच पैसे देऊन केलेला असतो. डीलरकडे मागायचा कागद दुसराच आहे. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याचे आरटीओला कळवावे लागते. ते अधिकारपत्र मागितल्यावर चेहरे कसे बदलतात ते पाहण्यासारखे असते.

इतके पक्ष खोडल्यावर आपला पक्ष मांडणे भाग आहे. तो असा: फसवणुकीची खूण शोधणे हे ग्राहकाचे काम नाही. खरेपणाचा पुरावा मिळवणे हे त्याचे काम, आणि तो विक्रेत्याच्या हातून न घेता त्रयस्थाकडून स्वतः मिळवणे ही त्यातली मेख. विक्रेत्याने पाठवलेला आरसीचा फोटो, सर्व्हिस बुकची पीडीएफ, बँकेची एनओसी हे सगळे दावे समजावेत. दावा खरा असू शकतो, पण तो पुरावा नव्हे. एकच प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावा: हा बदलायचा असेल तर ठगाला कोणाला फितवावे लागेल? उत्तर ‘कोणालाच नाही’ असे आले तर तो कागद बाजूला ठेवावा.

या कसोटीवर एकेक बाब घासून पाहू. आरसीचा फोटो नको. गाडीचा नंबर स्वतः वाहन प्रणालीत टाकून पाहावा. तिथे मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते, पण नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत ताडून पाहता येते. कर्जाचा बोजाही कळतो. बोजा असेल तर विक्रेत्याने दाखवलेल्या एनओसीवर न विसंबता बँकेच्या शाखेत विचारावे. कर्जाची उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन आरसीवरची कर्जाची नोंद (एचपी) उतरवून घ्यावी. ई-चलनांची थकबाकीही नंबरावर दिसते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ती रक्कम कधीकधी मालकाच्या स्वभावाचा दाखला देऊन जाते.

अपघाताची माहिती कोणी आपणहून देत नाही, पण विम्याची पॉलिसी बोलते. दावा न करणाऱ्याला नो क्लेम बोनस मिळतो. तो वीस टक्क्यांपासून चढत सलग पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर जातो. ‘आठ वर्षं एकच मालक, एक ओरखडा नाही’ असे सांगणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी काय झाले ते विचारण्याचा हक्क आपल्याला मिळतो. मात्र पॉलिसीही विमा कंपनीकडून पडताळून घ्यावी.

मग गाडी. ती आपण निवडलेल्या, शक्यतो त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, आपल्या खर्चाने लिफ्टवर चढली पाहिजे. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. तो बॉडीवर जसा पंच केलेला असतो तसा गाडीच्या संगणकातही असतो. ग्राइंडर आणि पंच असलेल्याला पत्रा बदलणे सोपे. सगळ्या मॉड्यूलमधली नोंद बदलणे तेवढे सोपे नाही. पोर्शच्या स्पोर्ट्स कारचा नंबर डब्ल्यूपी-शून्यने सुरू होतो, कायेनसारख्या एसयूव्हीचा डब्ल्यूपी-एकने, हे साध्या नजरेलाही पकडता येते. मीटरच्या बाबतीत तर मशीनच साक्षीदार आहे. पोर्शच्या निदान-संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा पिळले गेले याची नोंद असते आणि इंजिन एकूण किती तास चालले याचीही. समजा मीटर पंधरा हजार किलोमीटर दाखवतो आणि इंजिनाचे तास निघाले दोन हजार. भागाकार करा: सरासरी वेग ताशी साडेसात किलोमीटर. मुंबईच्या वाहतुकीला कितीही शिव्या घातल्या तरी बॉक्स्टर जन्मभर सायकलपेक्षा हळू चालली हे पटत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर पुराचा गाळ दिसू शकतो. टायरवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेले असते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र पत्र्यावर फिरवले की लांबी भरलेली जागा लपत नाही.

शेवटी पैसे, आणि इथे क्रम हेच सर्वस्व. ‘दुसरा ग्राहक निघालाय, टोकन टाका म्हणजे गाडी तुमच्यासाठी थांबवतो’ या वाक्यावर जितके टोकन गेले असेल तितके बहुधा दुसऱ्या कशावर गेले नसेल. गाडी आणि नोंदणी तपासण्याआधी एक रुपयाही देऊ नये. नंतर द्यायचा तो फक्त आरसीवरच्या नावाच्या खात्यात. आता आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय आहे, ती वापरावी. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगणारा हटकून ठग असतो, कारण पिन लागतो तो पैसे देताना. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख मागणाऱ्याला आयकर कायद्याची आठवण करून द्यावी. आणि शेवटचा हप्ता फॉर्म २९ व ३० आरटीओत दाखल झाल्यावर द्यावा. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी निघाल्यावर.

यावर आक्षेप येणारच. ‘एवढे सोपस्कार करत बसलात तर गाडी दुसरा घेऊन जाईल. प्रामाणिक विक्रेताही वैतागेल.’ आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो. चांगली गाडी कधीकधी खरोखर निसटेल, दिल्लीला मारलेली खेप आणि वर्कशॉपची फी फुकट जाईल. या पद्धतीची ही किंमत आहे आणि ती गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे. दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. नोंदणी वेळेत बदलण्यात प्रामाणिक विक्रेत्याचा स्वार्थ ग्राहकापेक्षा मोठा आहे. कलम ५० प्रमाणे विक्री राज्यातच झाली तर चौदा दिवसांत, परराज्यात झाली तर पंचेचाळीस दिवसांत कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात गेली होती, पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतल्या मालकावरच ठेवली. हे ठाऊक असलेला विक्रेता तुमच्या आधी आरटीओत पोहोचेल. वैतागेल तो ज्याला आरटीओ नको आहे तो.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकून थांबणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत विमा कंपन्यांना टोटल लॉस गाड्यांची माहिती राष्ट्रीय नोंदणी-प्रणालीला कळवावी लागते आणि ग्राहक ती थोड्या शुल्कात पाहू शकतो. आपल्याकडे विमा कंपन्यांकडे ही माहिती आहे, सरकारकडे वाहन प्रणाली आहे, दोन्हींत चेसिस नंबर आहे. पण वाहनच्या सर्वसाधारण शोधात ‘ही गाडी टोटल लॉस झाली होती’ ही ओळ दिसत नाही. ती ओळ दाखवायला नवा कायदा नव्हे, दोन संगणकांची जोडणी पुरेल. ती झाली तर भंगारातल्या कागदांचा बाजारच उठेल. फसलेल्याच्या हावेवर प्रवचन देण्यात जेवढा उत्साह आपण खर्च करतो, तेवढा परिवहन मंत्रालयाकडे आणि विमा नियामकाकडे ही एक मागणी लावून धरण्यात करावा.