वर्गणी न भरता अभिमान कसला?

कोलकात्याच्या टेंगरा भागातून 'सेओंग पो' हे चिनी भाषेतील दैनिक निघत असे. 1969 साली सुरू झालेले हे पत्र 2020 मध्ये बंद पडले. दोष फक्त टाळेबंदीचा नव्हता. वस्तीतली कुटुंबे कॅनडाला गेली आणि मागे राहिलेल्या तरुणांना चिनी लिपी वाचता येईना. वाचकच संपला, तर पत्र जगणार कसे?

शेलूबाजारचे आम्ही हे का सांगतो? कारण आपलीही वाट तीच आहे.

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1930 ला 'जनता', 1956 ला 'प्रबुद्ध भारत'. पैशाच्या ओढाताणीने पत्र थांबले, तरी बाबासाहेबांनी पुन्हा नवे काढले.

आणि आम्ही? 31 जानेवारीला 'मूकनायक'चे चित्र स्टेटसला ठेवतो, पण वर्गणी मागितली की फुकट पीडीएफ मागतो! परदेशी गेलेल्या आपल्या भावाची मुले तर मराठी अक्षरही ओळखत नाहीत.

काही म्हणतील, मोबाईलवर सगळे मिळते. फॉरवर्डला संपादक नसतो. गावात अत्याचार झाला, तर फॉरवर्ड बातमीदार पाठवत नाही.

म्हणून प्रत्येक विहारात एक तरी आंबेडकरी पत्र वर्गणी भरून येऊ द्या. रविवारी ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. सुरुवात आम्ही आमच्यापासूनच करतो.

जय भीम!